आरव्ही ३० अँपची घ्यावी की ५० अँपची?

आई-बाबा भारतातून आले की अमेरिकेतली बरीच मराठी घरं आठवडाभर आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेतात. गाडी निवडताना ३० आणि ५० अँपचा फरक किरकोळ वाटतो. पण ३० अँपच्या प्लगला तीन पिना आणि १२० व्होल्टची एकच लाइन असते, म्हणजे ३,६०० वॅट. ५० अँपला चार पिना, १२० व्होल्टच्या दोन लाइनी आणि दोन्हींवर ५०-५० अँप, म्हणजे एकूण १२,००० वॅट. तिपटीहून जास्त!

३० अँपच्या गाडीत हिशेबाने राहावं लागतं. छतावरचा एसी साधारण १३ अँप खातो, मायक्रोवेव्ह तेवढेच, पाण्याचा हीटर विजेवर असेल तर आणखी १२. भर दुपारी एसी आणि हीटर चालू असताना आईने पोळ्या गरम करायला मायक्रोवेव्ह लावला की खट्कन ब्रेकर पडतो. हीटर गॅसवर टाकला की बहुतेक वेळा भागतं.

चौघांचं कुटुंब आणि एकच एसी असेल, तर माझ्या मते ३० अँप पुरे. उन्हाळ्यात ॲरिझोनाला वयस्कर माणसांना घेऊन जाताय आणि दोन एसी लागणार आहेत, तर मात्र ५० अँपच घ्या. पण आधी मुक्काम बघा. यलोस्टोनमध्ये हुकअप (गाडीला वीज-पाणी जोडायची सोय) फक्त फिशिंग ब्रिजला आहेत आणि योसेमिटीच्या कॅम्पग्राउंडमध्ये नाहीतच. हुकअप नसतील तिथे दोन्ही गाड्या सारख्याच.

अ‍ॅडॉप्टरने वीज वाढत नाही, फक्त एका मापाचा प्लग दुसऱ्या मापाच्या सॉकेटला बसतो. ५० अँपची गाडी कॅम्पग्राउंडमधल्या ३०च्या विजेच्या खांबाला लावली तर ३,६०० वॅटच मिळतात, मग दोन एसी विसरा. उलट ३०ची गाडी ५०च्या खांबाला बिनधास्त लावा, आतला मेन ब्रेकर ३०चाच असतो. मित्राच्या गॅरेजमधल्या साध्या १५ अँपच्या सॉकेटवर दिवे, फ्रिज, मोबाइल एवढंच चालवा. बारीक एक्स्टेंशन वायर तर नकोच, ती तापते. आणि आईने हौसेने आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर पिन बदलून इथे चालणार नाही.

गाडी कुठलीही असो, व्होल्टेज आणि वायरिंग तपासणारा सर्ज प्रोटेक्टर गाडी देणाऱ्याकडे मागा. खांबावरचा ब्रेकर बंद करूनच प्लग लावा आणि काढा. सॉकेट काळपट पडलेलं किंवा वितळल्यासारखं दिसलं, तर कितीही उशीर झाला असला तरी कॅम्पग्राउंडच्या ऑफिसात जाऊन दुसरी जागा मागा.