अमोनियाचा पिवळा की हिरवा : खाऱ्या टाकीच्या टेस्ट किटचा सहा महिन्यांचा अनुभव

गेल्या आठवड्यात माझ्या टेस्ट किटमधल्या अमोनियाच्या दोन्ही बाटल्या संपल्या. बाकीच्या चार बाटल्या, म्हणजे पीएच, नायट्राइट आणि नायट्रेटच्या दोन, अजून निम्म्याच्या वर भरलेल्या आहेत. नुसत्या अमोनियाच्या बाटल्या आणायला इथं बेळगावात दुकानात गेलो तर कानडी-मराठीत उत्तर मिळालं, "सुटं सिगंगिल्ल री (मिळत नाही). सगळा सेट घ्या." साडेतीन हजारांचा सेट! ज्या चाचणीवर सायकलचा, म्हणजे मासे घालण्याआधी टाकीत अमोनिया संपवणारे जिवाणू वाढवण्याचा, सगळा डोलारा उभा असतो तिच्याच बाटल्या सुट्या मिळू नयेत, याचा मला मनापासून राग आला. घरी येऊन हे लिहायला बसलो. सहा महिन्यांत हे किट मी इतकं वापरलंय की त्याचं बरं-वाईट दोन्ही नीट सांगता येईल.

टाकी 30 बाय 15 बाय 15 इंचांची. दगड आणि वाळू घातल्यावर पाणी 90 लिटरच्या आसपास राहतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मासे न घालता सायकल सुरू केली. एकाने मला "लाईव्ह रॉक आणून देतो, महिनाभर थांबायची गरज नाही" असं सांगितलं होतं. लाईव्ह रॉक म्हणजे समुद्रातून काढलेला, जिवाणू असलेला प्रवाळाचा दगड. मी घेतला नाही आणि तुम्हीही घेऊ नका. आपल्याकडे प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि समुद्रातून उपटून आणलेल्या दगडात काय काय येतं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मी सिरॅमिकचे कोरडे दगड घातले. त्यात जिवाणू शून्यापासून वाढवावे लागतात, म्हणून वेळ लागतो. तो वेळ मला मान्य होता. वेंगुर्ल्याचे आमचे दाजी कॅन भरून समुद्राचं पाणी पाठवतो म्हणत होते, पण दर पंधरवड्याला घाट उतरून-चढून पाणी आणायचं तर डिझेलच्या पैशातच टाकीसाठीच्या समुद्री मिठाची बादली येते. नळाला राकसकोपचं पाणी असो की हिडकलचं, त्यात क्लोरीन असणारच. म्हणून आरओचं पाणी घेतलं. घरच्या आरओला चव येण्यासाठी टीडीएसचा जो स्क्रू असतो तो पूर्ण बंद करून घ्या, नाहीतर अर्धं नळाचं पाणीच टाकीत जातं. लिटरला साधारण 36 ग्रॅम मीठ घालून क्षारता 35 वर आणली.

आता अमोनिया. मासे नाहीत म्हटल्यावर जिवाणूंना खायला काहीतरी द्यायला हवं. कॅम्पातल्या मासळी बाजारातून कोळंबी आणून टाकीत सडवायची जुनी पद्धत आहे, पण तिचा वास घरात सहन होत नाही आणि किती अमोनिया तयार झाला याचा हिशेबही लागत नाही. मी अमोनियम क्लोराईड वापरलं. आईला नाव सांगितलं तर तिला काही कळलं नाही, पण "नवसागर" म्हटल्याबरोबर म्हणाली, "कल्हईवाल्याचा?" तोच. तापलेल्या पातेल्यात कल्हईवाला चिमूटभर टाकायचा आणि पांढरा धूर उठायचा, तो. रविवार पेठेत त्याचे खडे मिळतात, मी आणलेही होते. पण ते मळकट पिवळे होते आणि त्यात आणखी काय असेल याची खात्री नाही. टाकीसाठी प्रयोगशाळेत वापरतात तोच घ्या. 500 ग्रॅमची बाटली मला तीनशेच्या आत पडली आणि ती जन्मभर पुरेल.

इथं माझ्याकडून मोठी चूक झाली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलं. तो काटा एका ग्रॅमच्या खालचं दाखवत नाही, आणि चिमटीचिमटीने टाकलेलं त्याला कळतही नाही. काट्याने 1 दाखवलं तेव्हा प्रत्यक्षात अडीच ग्रॅमच्या आसपास गेलं असावं. 90 लिटरला 2 पीपीएम (लिटरला 2 मिलिग्रॅम) अमोनियासाठी 0.57 ग्रॅम नवसागर पुरतो. संध्याकाळी चाचणी केली तर नळीत गर्द हिरवा, किटबरोबरच्या रंगांच्या कार्डावरचा शेवटचा 8 चा चौकोन. निम्मं पाणी बदलावं लागलं. दीड किलोच्या वर मीठ मोरीत गेलं. ते ओतताना फार वाईट वाटलं.

त्यानंतर गल्लीतल्या सराफाकडून 10 ग्रॅम नवसागर मोजून आणला आणि एक लिटर आरओच्या पाण्यात विरघळवून बाटलीत भरून ठेवला. एका मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम. माझ्या टाकीला 57 मिली घातलं की 2 पीपीएम. औषधाच्या सिरिंजने मोजायचं. टाकी लहान-मोठी असेल तर त्या प्रमाणात कमी-जास्त करा.

आता किटची मुख्य गोष्ट. नळीत 5 मिली पाणी, दोन्ही बाटल्यांतले आठ-आठ थेंब, पाच मिनिटं थांबायचं. पिवळा म्हणजे शून्य, हिरवट म्हणजे 0.25, पुढं हिरवा गडद होत जातो. 1 आणि 2 मधला फरक लहान मूलही सांगेल. पण 0 आणि 0.25 मधला? सायकल पूर्ण झाली की नाही ते नेमकं तिथंच ठरतं, आणि नेमका तोच फरक या कार्डावर दिसत नाही! तेविसाव्या दिवशी अमोनिया उतरला असं वाटलं. चोविसाव्या दिवशी पुन्हा हिरवट. पंचविसाव्या दिवशी बायकोला पिवळा वाटला, मला हिरवा, मुलाला "लिंबाचा". आठवडाभर रोज दोन-दोन चाचण्या केल्या. थेंब मोजून दमलो. किट टाकाऊ आहे असं माझं पक्कं मत झालं होतं, आणि तेव्हाच हा अनुभव लिहिला असता तर तसंच लिहिलं असतं.

ते मत काकांनी बदललं. आमचे काका खासबागेत. चाळीस वर्षं त्यांनी साडीचं सूत रंगवलं. मी नळी आणि कार्ड घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "कुठं बघाय लागलास? ट्यूबलाईटखाली? दारात ये की आधी." दारात सावलीच्या उजेडात तीच नळी धरली तर हिरवट झाक निम्मी कमी झाली. घरी मी टाकीवरच्या निळ्या दिव्याजवळ बसून बघत होतो, त्याने तर सगळंच हिरवं दिसायचं. मग काकांनी विचारलं, "ह्याच्या शेजारी काय ठेवतोस?" मी म्हटलं, कार्ड. "कार्ड कागद आहे, हे पाणी आहे. पाण्याशेजारी पाणी ठेव. एकट्या रंगाला बघून काय कळतंय?"

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. किटच्या पत्रकातही नाही. घरी येऊन तीन नळ्या केल्या: एकीत नुसतं आरओचं पाणी, दुसरीत बादलीत नुकतंच कालवलेलं मिठाचं पाणी, तिसरीत टाकीचं. आरओच्या नळीत लख्ख पिवळा आला, अगदी कार्डावरच्या शून्यासारखा. कालवलेल्या खाऱ्या पाण्यात बारीकशी हिरवी झाक, टाकीचं पाणी अजून घातलेलंही नसताना! ताज्या मिठात थोडा अमोनिया असू शकतो, पण चोवीस तास हवा सोडूनही ती झाक गेली नाही. आणि टाकीच्या नळीचा रंग त्या दुसऱ्या नळीसारखाच, अगदी तंतोतंत. म्हणजे माझी टाकी आठवडाभरापूर्वीच शून्यावर आली होती, आणि मी कार्डावरच्या एका चौकोनाशी भांडत होतो.

त्यामुळे आता माझं मत असं आहे की किट चांगलं आहे, कार्ड वाईट आहे. खाऱ्या पाण्यात त्या कार्डावरचा शून्य मला एकदाही मिळाला नाही. स्वतःचा शून्य स्वतः करून शेजारी ठेवावा लागतो. दर वेळी एक जास्तीची चाचणी खर्च होते, पण मनाला जी शांतता मिळते तिच्यापुढे ते काहीच नाही.

नायट्राइटचं वेगळंच. अमोनिया खाणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट. ही दुसरी जात फार सावकाश वाढते. नायट्राइटचं कार्ड 5 वर संपतं. आता हिशेब करा: 2 पीपीएम अमोनियातून नायट्राइट पाचाच्या वर तयार होतं. माझ्या टाकीत तर पाणी बदलूनही चारच्या वर अमोनिया राहिला होता, म्हणजे नायट्राइट बाराच्या घरात. कार्डावर ते गर्द जांभळंच दिसणार, बारा असो की सहा. अठरा दिवस तोच जांभळा बघून मला वाटलं सायकल अडकली. मग टाकीचं एक मिली पाणी चार मिली आरओच्या पाण्यात मिसळून चाचणी घेतली आणि आलेला आकडा पाचाने गुणला: दहा. चार दिवसांनी पाच. टाकी व्यवस्थित चालली होती. ही युक्ती लक्षात ठेवा, धीर टिकवायला फार कामाला येते. आणि खाऱ्या पाण्यातल्या क्लोराईडमुळे नायट्राइट माशांच्या कल्ल्यांतून फारसं आत जात नाही, म्हणून गोड्या पाण्यातल्याइतकी त्याची धास्ती घ्यायची गरज नाही. खरी भीती अमोनियाची. म्हणून तर त्या पिवळ्या-हिरव्यावर मी इतका जीव टाकतो.

नायट्रेटची दोन नंबरची बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवा. तळाशी साका बसतो, तो वर आला नाही तर आकडा खोटा कमी येतो. आणि टाकीत नायट्राइट असेपर्यंत ही चाचणी करूच नका, ती आतून नायट्रेटचं नायट्राइट करूनच मोजते, त्यामुळे आकडा फुगतो.

थंडीचंही सांगायला हवं. जानेवारीत आमच्याकडे पहाटे चांगलीच हुडहुडी भरते. हीटर नसेल तर पाणी विशीच्या खाली जातं आणि जिवाणू गोठल्यासारखे मंदावतात. माझा हीटर एकदा बंद पडला तेव्हा चार दिवस आकडा हललाच नाही. 26 अंशांवर ठेवा. लाईट जाते त्या वेळेसाठी बॅटरीवरचा हवेचा पंप ठेवा, या जिवाणूंना प्राणवायू सारखा लागतो. पाचव्या आठवड्यात पीएच 7.8 वर घसरला होता, थोडा खायचा सोडा घातल्यावर सावरला. जिवाणूंची जी महागडी बाटली मी तिसऱ्या दिवशी ओतली, तिने काम केलं की नाही ते सांगता येत नाही. ती घातलीच नसती तर काय झालं असतं, हे बघायला शेजारी दुसरी टाकी नव्हती.

सत्तेचाळिसाव्या दिवशी 57 मिली घातलं आणि चोवीस तासांनी अमोनिया नाही, नायट्राइट नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं, पुन्हा तेच. दर 2 पीपीएमचं सातएक नायट्रेट होतं. तोपर्यंत ते साठच्या आसपास चढलं होतं, म्हणून बरंचसं पाणी बदललं. त्यानंतर आठवड्याने हॅचरीत वाढलेल्या क्लाऊनफिशची जोडी आणली. दोघं आजही आहेत. मोठी मादी संध्याकाळी मी टाकीजवळ गेलो की डाव्या कोपऱ्यात येऊन थांबते.

शेवटी परवा पूर्ण सेटच घेतला, दुसरा इलाज नव्हता. उघडला तर नव्या कार्डावरचा शून्याचा पिवळा जुन्या कार्डापेक्षा वेगळा! माझ्या छातीत धस्स झालं. दोन्ही कार्डं घेऊन खासबागेत गेलो. काकांनी चष्मा लावला, दोन्ही घेऊन दारात गेले, तिरकी करून बघितली आणि जुनं माझ्या हातात दिलं. "हे उन्हानं विटलंय. खिडकीत ठेवत होतास न्हवं?" खिडकीतच ठेवत होतो. नवं कार्ड आता कपाटात, साड्यांच्या घडीत.