डिप्लोमानंतर एनएटीएसमधून अप्रेंटिसशिप : वर्ष पूर्ण केल्यावरचा माझा अभिप्राय

मेकॅनिकल डिप्लोमा झाला आणि मी एनएटीएसच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेच्या, पोर्टलवरून चाकणच्या एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात, क्वालिटीला, अप्रेंटिस म्हणून लागले. वर्ष पूर्ण केलं. आता भोसरीत दुसऱ्या कंपनीत क्वालिटीलाच पर्मनंट आहे. कॉलेजच्या ज्युनियर मुली सारख्या विचारतात, "ताई, ते वर्ष फुकट तर जात नाही ना?" त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी पैशाचं. 2019 च्या नियमांप्रमाणे डिप्लोमाला महिन्याला किमान 8,000 आणि डिग्रीला किमान 9,000 रुपये स्टायपेंड ठरला होता, त्यातला निम्मा वाटा केंद्र सरकारचा. आत्ताचा आकडा पोर्टलवर बघून घ्या. चाकणमध्ये कॉट बेसिसचं भाडं आणि मेस भागवून फारसं काही शिल्लक राहत नाही. म्हणून कंपनीची बस आणि कँटीन अप्रेंटिसना लागू आहे का, हे जॉइन होण्याआधीच विचारून घ्या. आमच्याकडे दोन्ही होतं, म्हणून मी टिकले.

नोकरीची हमी मात्र नाही. 1961 च्या अप्रेंटिस कायद्यात कंपनीवर तशी सक्तीच नाही. 2014 च्या दुरुस्तीनंतर एवढंच झालं, की ट्रेनिंग पूर्ण केलेल्यांना घेण्याबाबत प्रत्येक कंपनीने स्वतःचं धोरण ठरवायचं. तेव्हा करारावर सही करताना एचआरला बिनधास्त विचारा : तुमचं धोरण काय आहे, मागच्या बॅचमधले किती जण घेतले? उत्तर गोलमोल आलं तरी जा, पण पहिल्या महिन्यापासून बाहेरच्या नोकरीची तयारी ठेवा.

खरा फरक पडतो तो तुम्हाला कुठल्या डिपार्टमेंटला टाकतात त्याने. माझ्या एका मैत्रिणीला दुसऱ्या एका कंपनीत कित्येक महिने पॅकिंगवर उभं केलं होतं. खोक्यांवर लेबलं लावून मुलाखतीत काय सांगणार बिचारी? हे अजिबात बरोबर नाही. ट्रेनिंगचा कार्यक्रम ठरलेला असतो, तो पहिल्याच आठवड्यात मागून घ्या आणि त्याप्रमाणे काम मिळत नसेल तर लेखी विचारा. मेल केला की लोक हलतात.

मला चांगले सिनियर मिळाले, हे माझं नशीब. त्यांनी मला गेज आर अँड आरच्या कामात बसवलं : मोजायचं साधन (गेज) आणि मोजणारी माणसं यांच्यामुळे मापात किती फरक पडतो, ते तपासायचं. दहा पार्ट, तीन ऑपरेटर, प्रत्येकाने प्रत्येक पार्ट तीनदा मोजायचा, म्हणजे 90 रीडिंग. निकाल 10 टक्क्यांच्या आत आला तर उत्तम, 30 च्या वर गेला तर त्या मोजमापावर विसंबता येत नाही. आमचा 30 च्या वर गेला. गेज कॅलिब्रेटेड होता, पार्टही ठीक होते. मग मी तिघांच्या हाताकडे बघत उभी राहिले. बोअर गेज, म्हणजे भोकाचा आतला व्यास मोजायचं साधन, आत घातल्यावर तो हलकेच मागेपुढे झुलवायचा असतो आणि काटा जिथून उलटा फिरतो तिथलं रीडिंग घ्यायचं असतं. एक जण गेज सरळ घालून दिसेल तो आकडा सांगत होता. त्यांना दाखवलं, पुन्हा 90 रीडिंग घेतली, आणि आकडा खाली आला.

भोसरीच्या मुलाखतीत हाच विषय निघाला. "आर अँड आर किती आला? मग काय केलंस?" मी झुलवण्याची कृती हाताने करून दाखवली. पुढचा बराच वेळ आम्ही त्यावरच बोललो, प्रमाणपत्र त्यांनी शेवटी पाहिलं. मला हे सगळं सांगता आलं, कारण रोज सुटीच्या आधी वहीत लिहायची सवय ठेवली होती : आज काय मोजलं, काय रिजेक्ट झालं, कारण काय निघालं. ग्राहकाचं नाव आणि ड्रॉइंग नंबर त्या वहीत कधीच लिहू नका. ते कंपनीचं आहे, शिकलेलं तेवढं तुमचं.

आता प्रमाणपत्राचं. अप्रेंटिसला पीएफ लागू नसतो, त्यामुळे नव्या कंपनीने यूएएनवर, म्हणजे पीएफच्या नंबरवर, जुनी नोकरी शोधली तर तिथे हे वर्ष दिसत नाही. अप्रेंटिसशिप ट्रेनिंग बोर्डाकडून मिळणारं प्रावीण्य प्रमाणपत्र हाच त्याचा पुरावा, आणि रोजगार कार्यालयात तो अनुभव म्हणून नोंदवताही येतो. नाव, वडिलांचं नाव, शाखा, तारखा मार्कशीटशी जुळताहेत का ते आल्याआल्या तपासा. शिवाय डिपार्टमेंट हेडकडून लेटरहेडवर कामाचा तपशील लिहून घ्या : कुठली मोजमापाची साधनं वापरली, कुठले रिपोर्ट केले. हे शेवटच्या दिवसावर ठेवू नका. त्या दिवशी गेटपास, लॉकर, सेफ्टी शूज जमा करण्यातच सगळे गुंतलेले असतात आणि साहेब नेमके ऑडिटला गेलेले असतात.

डिग्रीला लगेच जायचं नसेल आणि कॅम्पसमधून हाती काही लागलं नसेल, तर हे वर्ष जरूर करा, असंच मी सांगेन. हाताला काम देणारं डिपार्टमेंट मिळेल एवढं मात्र आधी बघा. पॅकिंग आणि क्वालिटी असे दोन पर्याय आले, तर स्टायपेंड हजाराने कमी असला तरी क्वालिटी घ्या.