बाथरूममधल्या ग्रॅब बारचा अनुभव: दांडी कुठे बसवली, यावर सगळं

आमच्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे संधिवाताने धरलेत, घरातही वॉकर लागतो. मागच्या पावसाळ्याआधी पुण्यात कोथरूडच्या घरी बाथरूममध्ये स्टीलच्या आधाराच्या दांड्या बसवून घेतल्या. रोजच्या वापरानंतर ठामपणे सांगते, दांडी कोणत्या कंपनीची यापेक्षा ती कुठे आणि कशी बसवली हे महत्त्वाचं.

आधी रबरी वाटीची, चिकटवायची दांडी आणली होती. ती काही दिवसांतच टाइलवरून आपोआप निखळली. तेव्हा तिला कोणी धरलं नव्हतं हे नशीब. शरीराचा भार पेलायला ती मुळीच घेऊ नका.

मग बोहरी आळीच्या हार्डवेअर बाजारातून ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या, खरबरीत पकडीच्या दांड्या आणल्या. गुळगुळीत पॉलिशवरून साबणाचा हात घसरतो. जाडी ३२ ते ३८ मिलिमीटर असली की मूठ नीट बसते. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात, पण ते पुसून निघतात. टाइल ठोकून पाहा, पोकळ आवाज आला तर तिथे भोक पाडू नका. नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा रावळ प्लग (स्क्रूसाठी भोकात बसवायची प्लास्टिकची खुंटी) धरत नाही, त्या भिंतीसाठीचेच फास्टनर मागून घ्या.

प्लंबरला दांडी टाइलच्या रेषेत, दिसायला नीट हवी होती. मी आईंना कमोडवर बसवलं, उठताना हात आपसूक जिथे गेला तिथे पेन्सिलने खूण केली. ती जागा त्याच्या रेषेपासून चांगली वीतभर पुढे निघाली. कमोडवर उंची वाढवणारी सीट लावायची असेल तर ती आधी लावा, मग खुणा करा; नाहीतर सगळं माप चुकतं.

सगळ्यात जास्त वापर मात्र दारापाशी लावलेल्या उभ्या दांडीचा होतो. कोरड्यातून ओल्यात, उंबरठा ओलांडून पाऊल टाकतानाच तोल जातो, आणि वॉकर तिथे अडतो. आई डाव्या हाताने दांडी घट्ट धरतात, जास्त दुखरा पाय आधी आत ठेवतात, मग दुसरा.

तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रिकल बाजारातून हालचाल टिपून लागणारे सेन्सरचे दिवेही आणले. पॅसेजमध्ये उत्तम, रात्री बटण चाचपडत बसावं लागत नाही. बाथरूममध्ये लावू नका: माणूस स्थिर बसला की दिवा विझतो आणि काळोखात उठायची वेळ येते. आम्ही तिथे रात्रभर साधा छोटा एलईडी चालू ठेवतो.

आधी आई आंघोळीला गेल्या की कोणीतरी दाराशी उभं राहायचं आणि त्यांना फार संकोच वाटायचा. आता दार लोटून घेतात, कडी मात्र लावत नाहीत, तसं आमचं ठरलंय. अधूनमधून मी दांड्या जोर लावून हलवून बघते आणि वॉकरचे रबरी बूट झिजलेत का तेही. बूट एकदा बदलून झालेत.