गेम मास्टरची तयारी: चॅटबॉट, फाशांची कोष्टके की छापील मोड्यूल?

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रे निभावत कथा पुढे नेण्याचा खेळ, पहिल्यांदाच चालवायला घेणाऱ्या गेम मास्टरपुढे (कथा मांडून खेळ चालवणाऱ्यापुढे) सत्राआधीच्या आठवड्यात कामांचा ढीग असतो: गाव, त्यातली माणसे, त्यांची आपसांतली भांडणे, गुहेचा नकाशा, शत्रूंचे आकडे, आणि खेळाडूंनी आपण योजलेली वाट सोडून भलतीच धरली तर पुढे काय, याचा विचार. हे ओझे कमी करणारे तीन मार्ग आज हाताशी आहेत. फासे टाकून उत्तर काढायची कोष्टके १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा असा गेम निघाला तेव्हापासून चालत आली आहेत. तयार कथानकाची पुस्तके, म्हणजे मोड्यूल, त्यानंतर काही वर्षांतच विकत मिळू लागली. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी खुले झाल्यावर जनरेटिव्ह एआयची त्यांत भर पडली. निवड करताना वेळ किती वाचतो हे सगळेच पाहतात. माझ्या मते त्याआधी पाहायला हवे ते असे, की चार खेळाडू समोर बसलेले असताना तयारीतले किती तुमच्या डोक्यात शिल्लक असते.

केवळ वेगाच्या बाबतीत चॅटबॉटचा हात कोणी धरू शकत नाही. बंदरावरच्या बाजारातले दहा दुकानदार हवेत आणि प्रत्येकाला एकेक अडचण हवी, असे सांगितले की मिनिटभरात यादी तयार होते. मोड्यूल मात्र आधी वाचावे लागते, आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीच्या मोठ्या कॅम्पेनची, म्हणजे अनेक सत्रे चालणाऱ्या कथेची, पुस्तके बहुधा दोनशेच्या वर पानांची असतात. नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. त्याच आवृत्तीच्या २०१४ च्या स्टार्टर सेटमधले, म्हणजे नवख्यांसाठीच्या संचातले, कथानक ६४ पानांत पात्रांना पहिल्या पातळीपासून पाचव्या पातळीपर्यंत नेते, आणि सुरुवातीला तेवढे पुष्कळ आहे.

कोष्टक आणि चॅटबॉट यांतला फरक एका पात्रापुरता जवळून पाहू. व्यवसाय, गरज आणि गुपित अशी तीन कोष्टके घेऊन वीस बाजूंचा फासा तीनदा टाकला आणि ‘नावाडी’, ‘कर्ज फेडायचे आहे’, ‘पुजाऱ्याला घाबरतो’ अशी उत्तरे आली, असे समजा. या तिघांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही, त्यामुळे तो गेम मास्टरला जोडावा लागतो. पुजारी सावकारी करतो का? नावाड्याने रात्री नदीपलीकडे काय पोचवले? ही जुळवाजुळव स्वतः केलेली असल्यामुळे टेबलावर कागद न पाहताही आठवते, आणि खेळाडूने अनपेक्षित प्रश्न विचारला तर त्याच धाग्याने उत्तर देता येते. तोच नावाडी चॅटबॉटकडे मागितला, तर चार परिच्छेद मिळतात: पोरके बालपण, डोळ्यावरचा व्रण, दिवंगत पत्नी आणि नदीच्या तळाशी दडलेले प्राचीन रहस्य. वाचताना ते चांगलेच वाटते. मात्र खेळाडूने पुजाऱ्याचे नाव विचारले, की गेम मास्टर फोनवर मजकूर वरखाली सरकवत बसतो, कारण त्यातला एकही दुवा त्याने स्वतः जोडलेला नसतो.

शिवाय ही उत्तरे एकमेकांसारखी होत जातात. चॅटबॉटमागचे भाषेचे मॉडेल आधीच्या मजकुरापुढे काय येणे सर्वाधिक संभवनीय आहे, याच्या आधारे लिहिते. म्हणून जंगल कुजबुजणारे निघते, जादूगार स्त्रीचे नाव पुन्हा एकदा एलारा असते आणि प्रत्येक खानावळवाल्याचा एक पाय लंगडा असतो. अधिक नेमकी सूचना दिली तर सुधारणा होते, पण तेवढी नेमकी सूचना ज्याला सुचते, त्याचे निम्मे काम आधीच झालेले असते.

चॅटबॉटचा खरा उपयोग मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. आपण रचलेले रहस्य त्याच्यापुढे मांडावे आणि खेळाडू ते कोणकोणत्या मार्गांनी लवकर फोडतील, कोणता दुवा सापडला नाही तर कथा अडेल, असे विचारावे. तो ज्या पळवाटा दाखवतो त्यांतल्या बऱ्याच उथळ असतात, पण एखादी अशी निघते, की मृत माणसाशी बोलण्याचा मंत्र एका खेळाडूच्या पुरोहित पात्राकडे आहे आणि खुनाचे कोडे पाच मिनिटांत संपणार आहे, हे वेळेत लक्षात येते. हे काम कोष्टके करू शकत नाहीत आणि मोड्यूलही तुमच्या गटासाठी करू शकत नाही. मागच्या सत्राच्या विस्कळीत टिपणांतून अर्ध्या पानाचा गोषवारा काढणे हेही चॅटबॉटला नीट जमते. सत्राचे ध्वनिमुद्रण त्याला द्यायचे असेल, तर मित्रांची आधी परवानगी घ्यावी.

नियमांसाठी मात्र त्याच्यावर विसंबू नये. पाचव्या आवृत्तीचे नियम २०१४ चे आणि २०२४ चे असे दोन प्रकारचे आहेत, आणि चॅटबॉट त्यांची सरमिसळ करतो. ‘क्युअर वूंड्स’ हा साधा मंत्र घ्या: जुन्या नियमांत तो पहिल्या पातळीवर आठ बाजूंच्या एका फाशाइतके बरे करतो, नव्या नियमांत दोन फाशांइतके. चॅटबॉट यांतले कोणतेही उत्तर सारख्याच आत्मविश्वासाने देतो. मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत उपलब्ध आहे, आणि २०२५ मध्ये नव्या नियमांचा तसाच दस्तऐवज आला. तो चॅटबॉटला जोडून त्यातूनच उत्तर मागितले तर चुका कमी होतात. (तोच दस्तऐवज उघडून शब्द शोधला तरी उत्तर मिळतेच, हा भाग निराळा.)

फासे टाकण्याचे कामही त्याला देऊ नये. दोन सहाबाजूंच्या फाशांची बेरीज सात येण्याची शक्यता ३६ पैकी ६ असते आणि बारा येण्याची ३६ पैकी १. मॉडेलने पार्श्वभूमीला खरोखर प्रोग्राम चालवला नसेल, तर ते अंक टाकत नाही, वाक्याला शोभेल असा अंक लिहिते, आणि नाट्यमय क्षणी वीस बाजूंच्या फाशावर वीस येण्याचे प्रमाण संशयास्पद वाढते.

गटच जमत नसल्यामुळे एआयलाच गेम मास्टर करावे का, असा प्रश्न एकट्याने खेळणाऱ्यांना पडतो. २०१९ मध्ये जीपीटी-२ या भाषेच्या मॉडेलवर चालणारे ‘एआय डंजन’ आले, तेव्हा ते मागचे प्रसंग पटापट विसरत असे. आजच्या मॉडेलांची स्मरणमर्यादा कितीतरी मोठी आहे, पण त्यांचा गुळमुळीत स्वभाव तसाच राहिला आहे. खिशात राजाची अंगठी आहे असे खेळाडूने ठोकून दिले, की ते ती मान्य करतात आणि पहारेकरी लवून मुजरा करतो. एकट्याच्या खेळासाठी फाशांनी प्रश्नांची हो-नाही उत्तरे काढणारी ‘मिथिक’ ही पद्धत किंवा २०१८ पासून मोफत पीडीएफ मिळणारा ‘आयर्नस्वॉर्न’ हा गेम मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण तिथे फासा ‘नाही’ म्हणतो तेव्हा खेळाडूला ते निमूटपणे मानावे लागते.

मराठीतून खेळणाऱ्यांसाठी हिशेब थोडा बदलतो. मोड्यूल बहुतेक इंग्रजीत असतात, टेबलावरची बोली मराठी असते, आणि तिथे चॅटबॉट दुभाष्याच्या कामी येऊ शकतो. मे २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ आणले, तेव्हा त्यांनी दिलेल्या नमुन्यातला मराठी मजकूर पूर्वीच्या ९६ टोकनऐवजी (मॉडेल मजकुराचे ज्या तुकड्यांत विभाजन करते ते तुकडे) ३३ टोकनमध्ये मावू लागला. म्हणजे मराठीतली लांब कथा मॉडेलच्या लक्षात राहण्याची सोय वाढली. संवादांची तऱ्हा मात्र निराळी आहे. खाडीकाठच्या कोळणीच्या तोंडी त्याने घातलेले वाक्य असे असते: ‘हे प्रवाशांनो, मी आपणांस सावध करू इच्छिते, या जलाशयात एक प्राचीन अंधकार वसलेला आहे.’ ‘रात्रीचं खाडीत उतरू नका, एवढंच सांगते’ हे वाक्य गेम मास्टरलाच सुचावे लागते, आणि खेळाडू घाबरतात ते त्याच वाक्याने. म्हणून वर्णनाचा आराखडा चॅटबॉटकडून घ्यावा आणि संवाद टेबलावर स्वतःच्या तोंडाने बोलावेत.

आपली निर्मिती पुढे विकायची असेल, तर निर्णय जवळजवळ आधीच झालेला आहे. ‘पाथफाइंडर’ या रोलप्लेइंग गेमची प्रकाशक पायझो हिने मार्च २०२३ मध्येच आपल्या सर्जनशील कामात एआयला मनाई केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका पुस्तकातील चित्रांत एआयचा वापर उघड झाल्यावर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची प्रकाशक विझार्ड्स ऑफ द कोस्टनेही आपल्या चित्रकारांना तशीच मनाई केली. ड्राइव्हथ्रूआरपीजी या विक्रीस्थळावर एआय-चित्रांवर तशी खूण करावी लागते, आणि या क्षेत्रातल्या एनी पुरस्कारांनी २०२५-२६ च्या फेरीपासून जनरेटिव्ह एआय वापरलेल्या कृती घेणे बंद केले. शिवाय अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एका कॉमिकच्या प्रकरणात मिडजर्नी या एआय साधनाने काढलेल्या चित्रांना संरक्षण नाकारले. लेखिकेचा मजकूर आणि चित्रांची मांडणी यांनाच ते मिळाले.

घरच्या टेबलावर यांपैकी कोणतेही बंधन लागू होत नाही, तरी आपली चित्रे न विचारता मॉडेल शिकवायला वापरली गेली, ही चित्रकारांची तक्रार तिथेही पोचते. या छंदात चित्रे काढणारे लोक भरपूर आहेत आणि त्यांतला एखादा तुमच्याच गटात असण्याची शक्यता मोठी आहे. त्यामुळे पात्रांची चित्रे एआयकडून करून घ्यायची का, हा विषय सेशन झीरोमध्येच, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत, हिंसेच्या आणि भीतीच्या मर्यादा ठरवतानाच काढावा, आणि एकाचाही नकार आला तर ती चित्रे वगळावीत. पेन्सिलीने काढलेला वाकडातिकडा नकाशा त्या जागी चालतो. खेळाडू त्यावर खुणा करतात, चहाचे डाग पाडतात, आणि पुढच्या सत्राला तोच नकाशा मागतात.