जैसलमेरमध्ये दोन रात्री: किल्ल्यात राहावं की किल्ल्याखाली?

जैसलमेरला दोघंच निघाला असाल आणि हातात दोनच रात्री असतील, तर हॉटेल शोधायला बसल्याबसल्या एक प्रश्न पडतोच. खोली सोनार किल्ल्याच्या आत घ्यायची की खाली गावात? दोन्हीकडे मोजक्या खोल्यांची बुटिक हॉटेलं आहेत. दोन्हीकडे पिवळा वालुकाश्म, नक्षीदार झरोके आणि गाद्या-तक्के टाकलेली गच्ची. फोटो पाहून फरक कळत नाही, मुक्कामात मात्र तो पदोपदी जाणवतो.

आधी किल्ल्याची बाजू, कारण मोह तिचाच जास्त. आपल्याला गड म्हटलं की पडके वाडे, जोती आणि वारा आठवतो. इथे ११५६ मध्ये रावल जैसलने वसवलेल्या किल्ल्यात आजही हजारो माणसं नांदतात. अखै पोल, सूरज पोल, गणेश पोल, हवा पोल असे चार दरवाजे ओलांडून दशहरा चौकात आलात की समोर राजवाडा, बाजूला बोळ, आणि बोळांत माणसांची घरं. पर्यटकांची गर्दी वर यायच्या आधीची सकाळ हे किल्ल्यातल्या मुक्कामाचं खरं सुख. उंबऱ्यापुढे झाडलोट चाललेली असते, लक्ष्मीनाथाच्या देवळातली घंटा ऐकू येते. घरांच्या दर्शनी भिंतींवर गणपती रंगवलेले दिसतात आणि त्याखाली त्या घरातल्या लग्नाची तारीख आणि वधू-वरांची नावं. काहींचा रंग ताजा, काहींचा उन्हाने विटलेला. नुकतं लग्न झालेल्या जोडप्याने त्या भिंती वाचत हिंडावं, घाई करू नये.

खोल्यांचं म्हणाल तर काही थेट बुरुजात आहेत. भिंती जाड, त्यामुळे दुपारी आत बराच गारवा असतो. पण दारं ठेंगणी, जिने अरुंद आणि पायऱ्या उंच. बाथरूम जुन्या खोलीत जागा मिळेल तिथे बसवलेलं. तटाकडे खिडकी असलेली खोली मिळाली तर खाली गाव आणि त्यापलीकडे वाळवंट दिसतं. आतल्या अंगाची मिळाली तर समोरच्या घराची भिंत. एकाच हॉटेलात, एकाच मजल्यावर हे दोन्ही प्रकार असू शकतात. मोटार हॉटेलच्या दारापर्यंत जात नाही, बॅगा हातात घेऊन बोळांतून चालावं लागतं. दोघांपैकी कुणाचे गुडघे दुखत असतील तर पुढचा विचार करायलाच नको.

गावातली हॉटेलं या बाबतीत सुटसुटीत. गाडी दाराशी किंवा जवळपास येते, खोल्या ऐसपैस, बाथरूमही मोठं. पटवों की हवेली, नथमल की हवेली, सालिमसिंह की हवेली या तिन्ही खाली गावातच आहेत, आणि गडीसर तलावही चालत जाण्याजोगा. पटव्यांच्या हवेल्या एका ओळीत पाच आहेत. त्या बघायला सकाळचा वेळ हाताशी असणं फार मोलाचं, उन्हं चढली आणि गर्दी झाली की दगडावरची जाळी नीट निरखता येत नाही. सम इथल्या वाळूच्या टेकड्या साधारण ४० किलोमीटरवर. तिथे संध्याकाळी जाऊन रात्री परतायचं असेल तर थकलेल्या पायांनी पुन्हा किल्ला चढण्यापेक्षा खालचा मुक्काम सोयीचा.

एक गोष्ट बुकिंग करताना कुणाच्या लक्षात येत नाही. किल्ल्यात राहिलात तर किल्ला दिसत नाही! तुमच्या गच्चीवरून दिसतात ती गावाची छपरं. ९९ बुरुजांची ती पिवळी रांग मावळतीच्या उन्हात रंग बदलते, अंधार पडल्यावर दिव्यांनी उजळते, ती पाहायची तर खालच्याच गच्चीत बसावं लागतं. दोघांनी शांत बसून काढायची संध्याकाळ हवी असेल तर ती खालीच मिळते.

आता ज्यामुळे माझं मत पक्कं झालं ते सांगते. हा किल्ला पाण्याने खिळखिळा होतो आहे. जैसलमेरला वर्षाकाठी जेमतेम २० सेंटिमीटर पाऊस. किल्ला बांधला गेला तो या हिशेबाने. शतकानुशतकं पाणी खालून, घड्यांतून वर यायचं, ते पुरवून पुरवून वापरलं जायचं आणि सांडपाणी नावापुरतं असायचं. मग नळ आले, त्यापाठोपाठ पर्यटक, आणि राहत्या घरांची हॉटेलं झाली. प्रत्येक खोलीला शॉवर आणि फ्लश. गळणाऱ्या नळांतून आणि गटारांतून पाणी टेकडीत मुरू लागलं. त्रिकूट टेकडी एकसंध कठीण कातळाची नाही. वालुकाश्माखाली चिकणमातीचे थर आहेत आणि ते भिजले की वरचा भार पेलत नाहीत. तटाला आणि बुरुजांना भेगा गेल्या, काही भाग ढासळले. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने १९९६ मध्येच हा किल्ला धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातला होता. २०१३ मध्ये राजस्थानातल्या आणखी पाच किल्ल्यांसोबत तो जागतिक वारसा झाला, पण पाणी मुरायचं काही थांबलं नाही. २०२४ च्या पावसाळ्यात तटाचा एक भाग कोसळला.

तिथे राहणाऱ्यांना पाणी वापरू नका म्हणायचा आपल्याला काय अधिकार? त्यांचं ते घर आहे. पण दोन रात्रींच्या पाहुण्याला पर्याय आहे, आणि तो पर्याय सौंदर्यात कुठेच कमी नाही. म्हणून मी खालचीच खोली सुचवीन. पहाटे उठून किल्ल्यात जा, मंडळी जागी होतानाचे बोळ बघा. दुपारच्या आत जैन मंदिरं पाहून घ्या, कारण नंतर दर्शनाच्या वेळा आखडतात. वरच्या मुक्कामातलं उत्तम ते तुम्हाला असंही मिळतं, फक्त अर्धा तास लवकर उठावं लागतं.

तरीही दोघांपैकी एकाचं मन किल्ल्यातच अडकलं असेल, तर मोठ्या हॉटेलाऐवजी एखाद्या कुटुंबाने चालवलेलं घर बघा आणि एकच रात्र वर काढा. अंघोळ बादलीने करा, चादरी-टॉवेल रोज बदलायला देऊ नका, नळ ठिबकत असेल तर लगेच सांगा. दुसरी रात्र खाली घ्या.

बुकिंगआधी फोन करून तीन गोष्टी विचारून घ्या. वरच्या खोलीसाठी: खिडकी तटाकडे आहे की बोळाकडे, आणि खोलीपर्यंत पायऱ्या किती. खालच्या खोलीसाठी: गच्चीवरून किल्ला अख्खा दिसतो की मध्ये दुसरी इमारत येते. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर गरम पाण्याचंही विचारा, तेव्हा रात्री चांगल्याच गार असतात. नाताळ ते नववर्षाचा आठवडा शक्यतो टाळा. नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीत तीच खोली आणि तीच गच्ची जास्त निवांतपणे मिळते.