पार्सल खरं होतं, कस्टमवाला खोटा

जुन्या वस्तू परदेशातून मागवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहितोय. दोन दिवसांत माझे 33,360 रुपये गेले, आणि तिसऱ्या दिवशी आणखी 94,000 जाणार होते.

चित्रशाळा प्रेसची शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेली, चित्रं मी गेली बावीस वर्षं जमवतोय. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने 1878 साली पुण्यात उभा राहिलेला हा छापखाना. त्याची चित्रं पूर्वी बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात फिरताना अधूनमधून हाती लागायची. वाळवीने कुरतडलेली, काचेला चिकटलेली असायची, पण मिळायची. आता वर्षवर्ष काही दिसत नाही. त्यामुळे इंग्लंडमधल्या एका बाईंकडे रामपंचायतन आहे असं कळलं तेव्हा मला राहवलं नाही. त्यांच्या पणजोबांनी हिंदुस्थानातून नेलेलं. त्यांनी पाठवलेल्या फोटोत खालच्या पट्टीवर बारीक अक्षरात 'चित्रशाळा, पुणें' दिसत होतं, 'णें'वरच्या अनुस्वारासकट. तो अनुस्वार बघूनच मी हो म्हटलं. चित्राचे 180 पौंड, कुरिअरचे 45.

बाईंनी विचारलं, डब्यावर 'गिफ्ट' लिहू का? मी स्पष्ट नाही म्हणालो. अजूनही कित्येकांना वाटतं की भेट म्हटलं की ड्युटी माफ. कुरिअरने किंवा पोस्टाने येणाऱ्या भेटींवरची ती सवलत डिसेंबर 2019 मध्येच बंद झाली, राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली. खरी किंमत लिहा, बिल आत ठेवा, जी ड्युटी होईल ती मी भरीन, असं त्यांना सांगितलं. इथवर माझं सगळं बरोबर होतं.

चूक त्यानंतर झाली. बाईंनी पॅक केलेल्या नळकांड्याचा फोटो पाठवला आणि मी तो आनंदाच्या भरात आमच्या संग्राहकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये दीडशेच्या आसपास माणसं, त्यातली निम्मी मला माहीत नाहीत. फोटोत कुरिअरचं लेबल होतं. त्यावर माझं नाव, पत्ता, मोबाइल, ट्रॅकिंग नंबर, आतल्या वस्तूचं वर्णन आणि किंमत. फसवणाऱ्याला लागणारं सगळं मीच त्याच्या हातात दिलं.

पाचव्या दिवशी सकाळी ट्रॅकिंगवर पार्सल मुंबईत कस्टम्समध्ये पोचल्याचं दिसलं. अकराच्या सुमारास फोन आला. "सर, लंडनहून आलेलं तुमचं अँटिक प्रिंट कस्टम्सला होल्डवर आहे. इम्पोर्ट चार्जेस भरलेत की आज संध्याकाळी रिलीज होईल." शुद्ध मराठी, आवाजात घाई नाही, ट्रॅकिंग नंबर तोंडपाठ. रक्कम 4,860. मी स्वतः आधी अंदाज बांधला होता तो साधारण एवढाच होता. वस्तूची किंमत, भाडं आणि विमा धरून जे मूल्य होतं त्यावर सीमाशुल्क, सीमाशुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. त्यांनीही लेबलवरची किंमत बघून हाच हिशोब केला असणार. आकडा अवाच्या सवा असता तर मी तिथेच थांबलो असतो.

क्यूआर कोड स्कॅन केला तर वर भलत्याच कुठल्या तरी एंटरप्रायझेसचं नाव आलं. मी विचारलं, हे कोण? "क्लिअरिंग एजंटचं खातं आहे सर, कंपनी त्यांच्यामार्फतच भरते." मी पिन टाकला. तो क्षण मला रोज आठवतो. पडद्यावर नाव स्पष्ट दिसत असताना मी त्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी कस्टम्सच्या नावाने पत्र आलं. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का. वस्तू शंभर वर्षांपेक्षा जुनी असल्याने पुरातत्त्व खात्याची एनओसी लागेल, त्यासाठी 28,500 रुपये परतावा-योग्य अनामत भरावी, सोबत आधारच्या दोन्ही बाजू पाठवाव्यात. मी दोन्ही केलं. चित्र कुठल्या तरी गोदामात दमट हवेत पडलंय, या एकाच विचाराने मला ग्रासलं होतं. आम्हा संग्राहकांचा जीव असतो तो वस्तूत, आणि हे लोक बरोबर तिथेच बोट ठेवतात.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल. खाकीतला माणूस. 1972च्या पुरावस्तू कायद्याखाली माझ्यावर गुन्हा नोंदवला जाणार, तो टाळायचा तर आजच 94,000 भरा, आणि चौकशी गोपनीय असल्याने घरात कुणाशी बोलू नका. पार्सल जप्त करून त्याच्या समोर ठेवलंय, असं तो सांगत होता. मी मोबाइल हातात धरून एफडी मोडायच्या तयारीत बसलो होतो.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. बायकोने दार उघडलं आणि आतल्या खोलीत हाक मारली, "अहो, तुमचं ते इंग्लंडचं नळकांडं आलंय. ड्युटीचे पैसे मागतोय हा."

मी कॉल तोडला. हात थरथरत होते. कुरिअरच्या मुलाने छापील बिल दिलं. त्यावर बिल ऑफ एंट्रीचा, म्हणजे कस्टम्सकडे दाखल झालेल्या आयातीच्या कागदाचा, नंबर, धरलेलं मूल्य, ड्युटी वेगळी, कंपनीची स्वतःची फी वेगळी, त्या फीवरचा जीएसटी वेगळा. कंपनीने ड्युटी सरकारकडे आधीच भरली होती आणि ती आता माझ्याकडून वसूल करत होती. केवायसीसाठी त्यांनी पाठवलेला खरा मेल माझ्या प्रमोशन्सच्या कप्प्यात तीन दिवस पडून होता. वर्षभरापूर्वी दुसऱ्या एका पार्सलला दिलेली केवायसी त्यांच्याकडे होती, तिच्यावरच यावेळचं काम झालं.

नंतर शांतपणे कायदा वाचला. 1972चा तो कायदा आहे तो आपल्याकडची पुरावस्तू देशाबाहेर जाऊ नये म्हणून. बाहेरून परत येणाऱ्या चित्रासाठी फोनवर अनामत मागण्याची त्यात कुठेही सोय नाही. उलट शंभर वर्षांवरच्या वस्तूंवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय. म्हणून पाठवणाऱ्याला वर्णनात वस्तूचं अंदाजे वय लिहायला सांगा. नुसतं 'जुनं चित्र' लिहू देऊ नका.

कस्टम्सच्या पत्राचीही एक साधी परीक्षा आहे. नोव्हेंबर 2019 पासून त्यांच्या पत्रांवर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या साइटवर टाकून तपासता येतो. माझ्याकडच्या पत्रावर नुसता जावक क्रमांक होता. शिवाय कस्टम्स कुणाच्या खासगी खात्यात पैसे भरायला सांगत नाही. ड्युटीची मागणी आली की फोन ठेवायचा, कुरिअरची साइट स्वतः टाइप करून उघडायची आणि ट्रॅकिंग नंबर तिथे टाकायचा. मेसेजमधल्या लिंकला हात लावायचा नाही.

त्याच दुपारी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. त्यांनी शांतपणे सगळं लिहून घेतलं, व्यवहाराचे क्रमांक विचारले. मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार पूर्ण केली आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. 28,500 पैकी 11,200 रुपये पुढच्या एका खात्यात सापडून गोठवले गेलेत, ते अजून परत मिळायचे आहेत. बाकीचे भरले त्याच दिवशी एटीएममधून निघाले होते. पहिल्या 4,860च्या वेळीच, क्यूआरवरचं नाव बघून, फोन केला असता तर दुसरी रक्कम गेलीच नसती.

गेल्या रविवारी कोथरूडच्या एका ओळखीच्या नाणेसंग्राहकांचा फोन आला. ऑस्ट्रेलियाहून त्यांची नाणी येतायत आणि पुरातत्त्वच्या अनामतीचं पत्र आलंय, भरू का? मी त्यांना पत्राचा फोटो पाठवायला सांगितलं. तोच अशोकस्तंभ, तोच शिक्का, 'सीमाशुल्क'मधला 'सी' माझ्या पत्रातल्यासारखाच चुकून ऱ्हस्व, आणि जावक क्रमांक हुबेहूब माझ्याच पत्रावरचा. त्यांनी पैसे भरले नाहीत. दोन्ही पत्रं आम्ही एकत्र सायबर पोलिसांकडे दिली आहेत. ज्यांच्याकडे असं पत्र आलं असेल त्यांनी ते पुसून टाकू नका, तक्रारीला जोडा.