मुठेल ९ महिने रोज लावलं, हातापायांना काय फरक पडला ते सगळं

गेल्या ऑक्टोबरमध्ये सुरू केलं होतं, आता जून संपत आला. म्हटलं आता लिहायला हरकत नाही, कारण पंधरा दिवस वापरून लिहिलेल्या रिव्ह्यूवर माझा स्वतःचाच विश्वास बसत नाही. थंडी, उन्हाळा आणि पावसाची सुरुवात, तिन्ही बघून झालंय.

ज्यांना शब्द नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते. मुठेल म्हणजे रातांब्याच्या बियांचं तेल, रातांबा म्हणजे ज्याच्या सालीची आमसुलं करतात ते फळ. कुणी कोकमाचं तेल म्हणतं, कुणी आमसुलाचं तेल. नावाला तेल, पण गार झालं की खडूसारखं घट्ट होतं, मुठीत दाबून त्याचे गोळे करतात म्हणून मुठेल. ऑनलाइन कोकम बटर म्हणून पांढरे तुकडे मिळतात ते हेच, फक्त रिफाइंड केलेलं, वास काढून टाकलेला.

माझं माहेर कुडाळकडचं आणि सासर नाशिक. मी डबे करते, रोजचे २२ डबे, म्हणजे पहाटेपासून हात कणकेत, नाहीतर कांदा-लसणात, नाहीतर भांड्यांच्या साबणात. कोकणात दमट हवेत वाढलेली कातडी, नाशिकची कोरडी थंडी तिला कधी मानवलीच नाही. मागच्या ४-५ वर्षांत दर हिवाळ्यात बोटांच्या पेरांवर चिरा पडायच्या, अंगठीखाली लाल होऊन खाज सुटायची, कणीक मळताना मीठ त्या चिरांत गेलं की डोळ्यात पाणी यायचं. टाचांच्या भेगा तर इतक्या की पांघरुणाचे दोरे अडकायचे, दोनदा रक्त आलंय. व्हॅसलिन झालं, खोबरेल झालं, राळेचं मलम झालं. थोडं बरं वाटायचं आणि परत जैसे थे.

दसऱ्याला माहेरी गेले तेव्हा काकूने पाय बघितले आणि काही न बोलता माडीवरच्या डब्यातून एक गोळा आणून हातात ठेवला, मोठ्या लिंबाएवढा, मळकट पिवळसर. हा तिनेच केलेला. एप्रिल-मेमध्ये रातांबे फोडले की साली आमसुलांना जातात, गर असलेल्या बिया धुऊन कडकडीत वाळवून ठेवायच्या. पावसात बाहेरची कामं थंडावली की मग त्या बिया फोडून टरफलं काढायची, आतला गर वायनात, म्हणजे दगडी उखळात, बारीक कुटायचा आणि भरपूर पाण्यात उकळत ठेवायचा. तेल वर येतं. रात्रभर तसंच ठेवलं की सकाळी पाण्यावर त्याचा थर धरलेला असतो, तो काढून परत वितळवून गाळायचा आणि कोमट असतानाच मुठीत दाबून गोळे करायचे. वाटीभर तेलासाठी किती बिया कुटाव्या लागतात ते मी लहानपणी बघितलंय, दुसऱ्या दिवशी आई-काकूंचे खांदे दुखायचे. म्हणून कुणी म्हणालं की हे महाग पडतं तर मला वाईट वाटतं, हाताने केलेलं असेल तर त्यात एका बाईचे दोन दिवस गेलेले असतात.

आता वापर. पहिले दोन आठवडे माझे फुकट गेले आणि चूक माझी होती. रात्री झोपताना कोरड्या टाचेवर कोरडा गोळा घासायचे. चकाकी यायची, भेग तशीच. काकूला फोन केला तर ती म्हणाली, "सुक्या पायार घासून काय उपेग गो? पाय भिजय आधी, मगे लाय." सगळा फरक इथे पडला. चरबी कुठलीही असो, तूप असो, मुठेल असो की व्हॅसलिन, ती स्वतः कातडीला पाणी देत नाही, आत आहे ते पाणी उडून जाऊ देत नाही इतकंच तिचं काम, त्यामुळे आत पाणीच नसेल तर ती कोंडणार काय. तेव्हापासून रात्री दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय, टॉवेलने टिपायचे, घासायचे नाहीत, थोडा ओलावा असतानाच मुठेल आणि वरून सुती मोजे. हातांनाही तसंच, शेवटची भांडी झाली की हात नुसते टिपून लगेच.

चौथ्या दिवशी भेगांच्या कडा मऊ झाल्या. तीन आठवड्यांत उजवी टाच बुजली, डावीला डिसेंबर संपेपर्यंत वेळ लागला कारण तिथली एक भेग खूप खोल होती.

नुसता गोळा लावायला कठीण आहे हे मात्र खरं. खोबरेल २४ अंशांना वितळतं, मुठेलला साधारण ३८ ते ४२ लागतात, म्हणजे अंगाच्या उबेला जेमतेम विरघळतं आणि थंडीत तर नाजूक कातडीवर ओढल्यासारखं होतं. म्हणून नोव्हेंबरपासून मी त्याचं मलम करायला लागले. वजनावर ३० ग्रॅम मुठेल, ६० ग्रॅम तिळाचं तेल, १० ग्रॅम मधमाशीचं मेण. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात स्टीलची वाटी, थेट गॅसवर नाही. आधी मेण, मग मुठेल, शेवटी तेल. डबीत ओतून लगेच फ्रिजमध्ये, हळूहळू गार झालं तर रवाळ होतं असा माझा दोन वेळचा अनुभव. त्यात पाण्याचा थेंब नाही म्हणून ते टिकतं, पण ओलं बोट डबीत घालायचं नाही, मी चमचा ठेवलाय.

एका बॅचला तिळाच्या तेलात कडुनिंबाचा पाला आणि हळद मुरवली होती. पाला ताजा घातला, त्यातलं पाणी उतरलं आणि महिन्याभरात डबीत काळे ठिपके आले, सगळं फेकलं. पुढच्या वेळी पाला सावलीत आठवडाभर वाळवून चुरचुरीत झाल्यावर घातला, ते नीट राहिलं. हळदीने उशीचे अभ्रे पिवळे झाले म्हणून ती सोडली. खरं सांगायचं तर पाल्याचं मलम आणि बिनपाल्याचं मलम यात माझ्या हातांना काही फरक जाणवला नाही, काम चरबीच करत होती.

मध्येच एका प्रदर्शनातून तयार हर्बल बाम घेतला, नाव लिहीत नाही. त्यावर शंभर टक्के नैसर्गिक वगैरे, आणि वास इतका सुंदर की लगेच दोन्ही हातांना लावला. अर्ध्या तासात चिरा झोंबायला लागल्या, दुसऱ्या दिवशी मनगटापर्यंत लाल पुरळ. त्यात लिंबाचं आणि पुदिन्याचं सुगंधी तेल होतं. नैसर्गिक आहे म्हणून फाटलेल्या कातडीला चालेलच असं अजिबात नाही, ह्या सुगंधी तेलांनी कित्येकांना ॲलर्जी येते. आता काहीही नवीन असलं, अगदी मी केलेलं मलम असलं तरी, कोपराच्या आतल्या बाजूला चिमूटभर लावून दोन दिवस थांबते.

त्या पुरळामुळेच शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले आणि जायला हवंच होतं. ते म्हणाले हा नुसता कोरडेपणा नाही, साबणाने आणि सतत पाण्यात राहिल्याने होणारा डर्मटायटिस, म्हणजे कातडीचा दाह आहे, मलम कितीही चांगलं लावा, दिवसातून आठ वेळा भांड्यांच्या साबणात हात घातला तर कातडी बरी होणार कधी? कातडीचा पीएच (आंबट-खारटपणाचा आकडा, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) ५ च्या आसपास आणि साध्या साबणाचा ९-१०, प्रत्येक धुण्याला वरचा तेलकट थर निघून जातो. त्यांनी दहा दिवसांसाठी एक मलम दिलं आणि हातमोजे सांगितले, आत पातळ सुती आणि वरून रबरी, कारण नुसत्या रबरात घाम येऊन अजून खाजतं. आठ दिवस मला मोज्यांत भांडी घासता येईनात, नंतर सवय झाली. प्रामाणिकपणे सांगायचं तर हात बरे होण्यात अर्धा वाटा मोज्यांचा आहे. टाचांचं पूर्ण श्रेय मात्र मुठेलचं.

आता एक गोष्ट जी वाचून कुणाचा तरी महिना वाचेल. मार्चमध्ये मिस्टरांच्या कमरेला लाल गोल चट्टा आला, कड उठलेली, खाज भयंकर. मला वाटलं पट्ट्याने कातडी सोलवटली, तीन आठवडे मी तिथे मुठेलचं मलम लावत होते आणि तो चट्टा वाढत वाढत तळहाताएवढा झाला, शेजारी दुसरा उठला. तो नायटा होता. नायटा म्हणजे बुरशी, त्याला वर चरबी लावून काही होत नाही, औषधच लागतं. आणि मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड असलेली मिक्स क्रीम आणून लावली तर दोन दिवस खाज थांबते आणि नंतर नायटा दुप्पट पसरतो, हे डॉक्टरांनी दोनदा बजावून सांगितलं. गोल, कडा उठलेला, मधून साफ असा चट्टा दिसला तर घरगुती काही करू नका.

सासऱ्यांना शुगर आहे. त्यांच्या टाचांनाही भेगा आहेत आणि आमच्याकडे जुनी पद्धत म्हणजे मुठेल पळीत कडकडीत करून थेंब थेंब भेगेत सोडायचं. मी ते त्यांना करू दिलं नाही. शुगर असलेल्यांच्या पायांना चटका कळत नाही, भाजलं तर जखम लवकर भरत नाही. त्यांना गार मलम लावते, रोज रात्री चष्मा लावून तळवे बघते आणि भेग ओली दिसली तर सरळ दवाखाना.

शतधौत घृताचाही प्रयोग केला, कारण सगळे त्याचं फार कौतुक करतात. तांब्याच्या परातीत गाईचं तूप, गार पाणी घालून पाण्याच्या लोट्याच्या तळाने फेसायचं, पाणी ओतून द्यायचं, असं शंभर वेळा. मला अडीच तास लागले. होतं मात्र अप्रतिम, पांढरंशुभ्र, लोण्याहून हलकं, लावलं की गारवा. चटका बसलेल्या बोटाला (फोड वगैरे नव्हता) आणि उन्हाने रापलेल्या मानेला खूपच छान वाटलं. पण त्यात पाणी राहतं ना, बाहेर ठेवलेली डबी काही आठवड्यांत आंबूस वासाला लागली. टाचेसाठी ते पुरतही नाही, फार मऊ आहे. चेहऱ्यासाठी ज्यांना वेळ आहे त्यांनी थोडंथोडं करून फ्रिजमध्ये ठेवावं.

भाची टोरांटोला असते, तिथे सध्या गाईच्या चरबीचे बाम खूप चाललेत, टॅलो म्हणतात. तिने विचारलं पाठवू का. मी नको म्हटलं, माझ्या देवघरात आणि डब्यांच्या स्वयंपाकघरात ते मला चालणार नाही, तिला चालतं तर तिने लावावं, तिथल्या थंडीत तिला उपयोग होतोय. पण तिने विचारल्यावर मी दोन्हींची तुलना शोधून वाचली. टॅलोमध्ये ओलिक, पामिटिक आणि स्टिअरिक आम्लं, मुठेलमध्ये निम्म्याहून जास्त स्टिअरिक, जे चरबीला घट्ट करतं, आणि बाकी बहुतेक ओलिक. म्हणजे घट्टपणा आणि टिकाऊपणासाठी जी चरबी तिकडे प्राण्यापासून काढतात तिच्याहून घट्ट चरबी आपल्याकडे आमसुलाच्या टाकाऊ बीमधून निघते. हे कळल्यावर मला काकूच्या त्या मळकट गोळ्याचं फार अप्रूप वाटलं.

न आवडलेल्या गोष्टी पण लिहिते. लावल्यावर अर्धा तास हात बुळबुळीत, लाटणं सटकतं, म्हणून दिवसा मी लावतच नाही. पायाला लावून बिनमोज्यांचं फरशीवर चालू नका, मी बाथरूमच्या दारात घसरता घसरता वाचले. घरगुती गोळ्याला धुरकट, किंचित आंबट वास असतो, मला तो माहेरचा वाटतो पण लेकीला नाही आवडत. लेकीने दहावीच्या परीक्षेच्या टेन्शनमध्ये कोरड्या झालेल्या चेहऱ्याला लावलं तर कपाळावर बारीक पुटकुळ्या आल्या, तिची कातडी मुळात तेलकट, तिने बंद केलं आणि गेल्या. ओठांना मात्र आम्ही दोघी लावतो आणि एप्रिलच्या चाळीस अंशांत पर्समध्ये डबी नुसती मऊ झाली, सांडली नाही.

विकत घेणार असाल तर, ऑनलाइनचे पांढरे तुकडेही मी मध्ये दोन महिने वापरले, कामाला तितकेच चांगले आहेत आणि वास नको असेल तर तेच घ्या. मात्र डबीवर कोकम बटर लिहून आत वनस्पती तूप, मेण आणि सेंट असतो असंही हाताला लागलंय, घटक वाचा. खरं मुठेल टणक असतं, कट्कन तुटतं, बोटाच्या उबेवर सावकाश विरघळतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे कुणी ओळखीचं असेल तर बचत गटांच्या बायकांकडून घ्या.

आज डाव्या टाचेला एक केसाएवढी रेघ उरलीय, हात स्वच्छ आहेत, अंगठी परत बोटात आली. पहिल्या गोळ्याचं बोराएवढं शिल्लक आहे. काकूच्या बिया यंदा वाळवून झाल्यात, श्रावणात कुटणार आहे, मी दोन गोळे सांगून ठेवलेत आणि या वेळी कुटायला स्वतः जाणार आहे, तिचे खांदे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत.